थंडरबर्डचे मेल सी ड्राइव्हवरून डी ड्राइव्हवर नेले, त्याची गोष्ट

कराडला आमचं छपाईचं दुकान आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, संस्थांचे अहवाल. गिऱ्हाईक मेलवर मजकूर पाठवतं, आम्ही प्रूफ पाठवतो आणि "प्रूफ ओके, छापा" असं उत्तर आल्याशिवाय मशीन सुरू करत नाही. पत्रिकेत आत्याच्या नावामागचं 'सौ.' राहिलं म्हणून कुणी भांडायला आलं, तर तेच एका ओळीचं उत्तर काढून दाखवावं लागतं. 2012 पासूनची अशी सगळी उत्तरं थंडरबर्ड या मेलच्या प्रोग्रॅममध्ये आहेत. खातं पॉपचं आहे, मेल उतरवून घेतला की काही दिवसांनी सर्व्हरवरून निघून जातो. म्हणजे आमच्या कॉम्प्युटरवर जे आहे तेवढंच.

गेल्या महिन्यात सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली. 120 जीबीच्या एसएसडीत जेमतेम 2 जीबी उरले होते आणि मेलच 38 जीबी भरले. डी ड्राइव्ह मात्र जवळजवळ रिकामा.

थंडरबर्ड हे मेल ज्या फाइलमध्ये ठेवतं, ती शोधायला फार खटपट लागत नाही. 'हेल्प'मध्ये 'ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन' उघडलं की प्रोफाइल फोल्डर उघडायचं बटण मिळतं. आत 'मेल' नावाचं फोल्डर, त्यात आमच्या सर्व्हरच्या नावाचं फोल्डर. 'इनबॉक्स' नावाची फाइल पाहून मी थबकलेच. पुढे एक्स्टेन्शन नाही, काही नाही, नुसती 23 जीबीची एक फाइल. इनबॉक्समधले इतक्या वर्षांचे सगळे मेल त्या एकाच फाइलमध्ये एकाखाली एक लिहिलेले असतात. शेजारी त्याच नावाची छोटी एमएसएफ फाइल असते, ती नुसती सूची.

आधी पेनड्राइव्हवर प्रत काढायला गेले, तर फाइल फार मोठी आहे म्हणून नकार. पेनड्राइव्ह फॅट32 या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला होता आणि त्यात 4 जीबीच्या वरची एक फाइल मावत नाही. मग बाहेरच्या हार्डडिस्कवर प्रत घेतली. थंडरबर्ड पूर्ण बंद करून सर्व्हरच्या नावाचं ते फोल्डर डी ड्राइव्हवर कॉपी केलं. कट नाही, कॉपीच.

मग 'अकाउंट सेटिंग्ज', तिथे 'सर्व्हर सेटिंग्ज', आणि तळाशी 'लोकल डिरेक्टरी'. 'ब्राउझ' दाबून नवी जागा दाखवली, थंडरबर्ड पुन्हा सुरू झालं आणि इनबॉक्स कोरा! पोटात गोळा आला. हात खुर्चीवर ठेवून दोन मिनिटं नुसती बसले. मग पुन्हा सेटिंग उघडून पाहिलं. मी बाहेरचं फोल्डर निवडलं होतं. ज्या फोल्डरात 'इनबॉक्स' फाइल थेट दिसते, तेच निवडायला हवं. एक पायरी आत जाऊन निवडलं आणि सगळी यादी परत आली. 2012 ची पहिली पत्रिकासुद्धा.

'कॉम्पॅक्ट' मी मुद्दाम नंतर केलं. डिलीट केलेले मेल फाइलमधून लगेच जात नाहीत, कॉम्पॅक्ट केल्यावरच जातात. पण त्या वेळी थंडरबर्ड फाइलची नवी प्रत लिहितं आणि तेवढी जागा सी ड्राइव्हवर नव्हतीच. डी ड्राइव्हवर 23 चे 14 जीबी झाले.

जुनं फोल्डर आठवडाभर तसंच ठेवलं. रोज दुकान उघडल्यावर दोन्हीकडच्या 'इनबॉक्स' फाइलची तारीख बघत होते. सी ड्राइव्हवरची जिथल्या तिथे थांबलेली, डी ड्राइव्हवरची प्रत्येक नव्या प्रूफच्या उत्तरागणिक पुढे सरकणारी. आठव्या दिवशी जुनं फोल्डर पुसलं.