तोंडी लावणं

नॉर्वेत ऑस्लोच्या ऑफिसला जॉइन झाले तेव्हा पहिल्याच दिवशी साडेअकराला टीममधले सगळे एकदम उठले, मला वाटलं मीटिंग आहे आणि मी लॅपटॉप घेऊन मागोमाग गेले, तर लंच! आपल्याकडे तेव्हा दुसरा चहा असतो. माझा तीन पुडांचा डबा, वरण भात, मटकीची उसळ, पोळ्या, आणि समोरच्याने बॅगेतून काढलं ते एक कागदाचं पुडकं, आत ब्रेडच्या चार स्लाइस. माझं उसळ गरम करून होईपर्यंत त्याचं जेवून झालं.

ह्याला मातपाक्के म्हणतात, म्हणजे जेवणाचं पुडकं. लंच जेमतेम अर्धा तास, मग चारला ऑफिस सुटलं की पाचच्या आत घरी गरम जेवण. शाळेतली पोरंही हेच नेतात. १९३२ मध्ये कार्ल श्योट्स नावाच्या डॉक्टरांनी ऑस्लोच्या शाळांमधलं गरम जेवण काढून मुलांना गहू आणि राय धान्याचा ब्रेड, चीज, दूध आणि गाजर किंवा फळ द्यायला सुरुवात केली, वर कॉडलिव्हर ऑइल (बिचारी पोरं!). पुढे शाळेने देणं थांबवलं, तसलंच खाणं घरून यायला लागलं.

ब्रेडवर जे काही घालतात त्या सगळ्याला इथे एकच शब्द, पोलेग. चीज, लिव्हरची पेस्ट, टोमॅटोतला मॅकेरल मासा, उकडलेलं अंडं, सगळं पोलेग. मला हा शब्द शिकवताना नॉर्वेजियनच्या बाई इंग्रजीत फार धडपडल्या आणि मला मात्र लगेच कळलं, अहो हे तर तोंडी लावणं! त्यातलं ब्रूनोस्त नावाचं तपकिरी चीज, चीजमधून उरलेलं पाणी दूध-मलई घालून आटवून आटवून करतात, ते पहिल्यांदा खाल्लं तर कंदी पेढ्यात चुकून मीठ पडल्यासारखं लागलं. आता घरात नसलं तर चुकल्यासारखं होतं, काय सांगू.

पण मी खरी फिदा आहे ती कागदावर. स्लाइसवर स्लाइस रचतात ना, तेव्हा एकीचं दुसरीला लागू नये म्हणून मधे एक पातळ कागद, बरोब्बर स्लाइसच्या मापाचा. त्याला स्वतःचं नाव आहे, मेलोमलेग्सपापीर, आणि दुकानात त्याचे गठ्ठे मिळतात. आमच्या शाळेच्या डब्यात गुळांब्याचा पाक भेंडीत जायचा आणि त्यावर कुणी कधी विचारसुद्धा केला नाही.

परवा मी पण पुडकं नेलं. बटर, वर आईने पाठवलेली सोलापुरी शेंगाचटणी, मधे कागद. शेजारच्याने वाकून बघितलं, हे काय? म्हटलं, पोलेग. त्याने मान डोलावली. म्हटलं घे ना थोडं, तर नको, माझं आहे की, म्हणाला आणि खरंच स्वतःचं खायला लागला. आपल्यात पहिलं नको म्हणजे नको नसतंच, म्हणून मी अजून दोनदा म्हटलं, तो अजून दोनदा नको म्हणाला आणि दोघंही अवघडलो.

चटणीचं तेल मात्र कागदाला न जुमानता खालच्या ब्रूनोस्तवर उतरलं होतं. बरं लागलं.