स्वस्तातल्या सीडींमधून जमवलेले नॉयर सिनेमे

'सी.आय.डी.' (१९५६) पाहिला आणि रात्रीच्या रस्त्यांवरचे, सावल्यांचे गुन्हेपट, म्हणजे नॉयर, मला हवेच झाले. २००७ साली मोझर बेअर कंपनीने सिनेमाची व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना आणली होती. पुढे मोबाइलवर सिनेमे आले, दुकानांनी सीडींची खोकी माळ्यावर टाकली आणि माझं फावलं. धुळे, अमळनेर, चाळीसगाव, जिथे कामाला जाईन तिथे मोबाइल दुरुस्तीच्या आणि रद्दीच्या दुकानांत विचारायचो. धुळ्याच्या एका दुकानदाराने खोकं पुढ्यात ठेवलं. ''आते हाई कोन देखस, भाऊ?'' भक्तिगीतं आणि अहिराणी गाण्यांच्या ढिगाखाली 'बाजी' निघाला, गुरुदत्तचं १९५१ मधलं पहिलं दिग्दर्शन! त्याच्याच खाली यश चोप्रांचा बिनगाण्यांचा 'इत्तेफाक' (१९६९).

खरं काम निवडण्याचं. एका व्हीसीडीत जेमतेम ७४ ते ८० मिनिटं मावतात, म्हणून हिंदी सिनेमा दोन-तीन सीडींचा. डबीत पहिली असते, दुसरी गायब. उघडून बघितल्याशिवाय पैसे द्यायचेच नाहीत. मग सीडी उजेडासमोर धरायची. सगळे खालचे ओरखडे बघतात, पण सीडीत चित्राचा थर वरच्या छापील बाजूला, लाखेच्या पातळ लेपाखाली असतो. तिथे खरवडलं असेल आणि टाचणीच्या टोकाएवढी भोकं चमकत असतील, तर तेवढा भाग गेलाच. खालचे बारीक ओरखडे पुष्कळदा चालून जातात.

इंग्रजी नॉयर त्याहून स्वस्त. 'डी.ओ.ए.' (१९५०) सारख्या सिनेमांच्या कॉपीराइटचं अमेरिकेत नूतनीकरण झालं नाही, म्हणून ते कुणीही छापतं. प्रत मात्र कशीही निघते. चाळीसगावच्या केकी मूस यांची छायाचित्रं ज्याने जवळून पाहिलीत, त्याला काळ्यातही किती छटा असतात ते ठाऊक असतं. वाईट प्रतीत त्या सगळ्या एक होतात, आणि नॉयरमध्ये तर जीवच त्या छटांत असतो. म्हणून दुकानात प्लेअर असेल तर रात्रीचा एखादा प्रसंग लावून बघायला सांगतो.

घरी आल्यावर लगेच व्हीसीडीच्या एमपीईजीएव्ही फोल्डरमधली डॅट फाइल, म्हणजे सिनेमाच, हार्डडिस्कवर उतरवतो. संगणकावरच्या व्हीएलसी प्लेअरमध्ये ती सरळ चालते.

सध्या 'कानून'ची (१९६०) दुसरी सीडी शोधतोय. पारोळ्याचा एक दुकानदार दिवाळीत माळा आवरताना बघतो म्हणालाय.