तुम्ही विचारलंत म्हणून: नकला सोडून मी गंभीर भूमिका कधी करणार?

प्रयोग संपल्यावर, मुलाखत आटोपल्यावर, कधी एखाद्या लग्नात जेवायला बसल्यावरसुद्धा मला एकच प्रश्न विचारला जातो: "तुम्हाला अभिनय इतका चांगला येतो, मग या नकला सोडून गंभीर भूमिका कधी करणार?" विचारणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसते. त्या प्रश्नात कौतुक असते आणि माझे भले व्हावे अशी इच्छाही असते. पण नक्कल ही अभिनयाच्या दाराबाहेरची पायरी आहे आणि शहाण्या माणसाने तिथे फार काळ बसू नये, हेही त्यात गृहीत धरलेले असते. आजवर मी हसून विषय बदलत आले. कारण या प्रश्नाचे जे खरे उत्तर आहे, ते कुणाला सांगणार नाही असा शब्द मी दिलेला होता. नावे न घेता ते सांगण्याची मोकळीक मला अलीकडेच मिळाली, म्हणून लिहिते आहे.

आधी कामाबद्दल. नक्कल आवाजापासून सुरू होते असे बहुतेकांना वाटते. माझ्याकडे आवाज सर्वांत शेवटी येतो. त्या व्यक्तीचा जबडा किती उघडतो, बोलताना जीभ दातांमागे टेकते की टाळूला, 'चोर'मधला च आणि 'चंद्र'मधला च यांत ती किती अंतर ठेवते, शब्दाचा शेवट नाकात जाऊ देते की ओठांवर तोडते, हे मी आधी पाहते. ती श्वास कुठे घेते आणि कुठे सोडते हे सापडले, की आवाज बहुतेक वेळा आपोआप त्या जागी येऊन बसतो. एवढे करून स्किटमध्ये तो आवाज आठ-दहा मिनिटे वापरायचा असतो, त्यातही पंच चुकवायचा नसतो आणि समोरच्या नटाची वेळ खायची नसते. ही मेहनत ज्यांना हलकी वाटते, त्यांनी ओळखीच्या एकाच माणसाचे एकच वाक्य, तो माणूस समोर असताना, त्याला न दुखावता बोलून पाहावे.

प्रा. लक्ष्मण देशपांडे 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये एकट्याने ५२ पात्रे उभी करत. तुम्ही गंभीर भूमिका कधी करणार, असे त्यांना कुणी विचारल्याचे मी ऐकलेले नाही. बालगंधर्वांनी बायकांचे चालणे-बोलणे उचलून रंगभूमीवर आणले आणि महाराष्ट्राने ते डोक्यावर घेतले. १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा'मध्ये स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या, ही बाब इतिहासात नोंदवावी लागली. तमाशातली मावशी तर पुरुषच करतो. पुरुषाने लुगडे नेसून बाईची नक्कल केली की ती कला आणि बाईने पुरुषाची नक्कल केली की 'धाडस', असे मला अजून ऐकावे लागते. ही तक्रार नाही, असे मी पूर्वी म्हणत असे. आता म्हणत नाही, ती तक्रारच आहे.

पण नक्कल म्हणजे फक्त हसवणे, हा समज केवळ प्रेक्षकांचा होता असे म्हटले तर ते खोटे ठरेल. तो माझाही होता. ऑर्केस्ट्रात दोन गाण्यांच्या मधली वेळ भरून काढण्यासाठी मला उभे करत, तेव्हा निवेदकाने 'मिमिक्री आर्टिस्ट' न म्हणता 'अभिनेत्री' म्हणावे असा माझा हट्ट असे. २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये हिलरी क्लिंटन निवडणूक हरल्या, त्या आठवड्यात 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' या अमेरिकी विनोदी कार्यक्रमात त्यांची नक्कल करणारी केट मॅकिनन त्यांच्याच वेषात पियानोशी बसली आणि नुकत्याच गेलेल्या लेनर्ड कोहेन यांचे गाणे एकही विनोद न करता गायली. ते पाहताना मी थक्क झाले. वेष तोच होता आणि ज्या बाईवर ती इतके महिने लोकांना हसवत होती ती बाईही तीच होती, तरी कुणी हसत नव्हते. तरीही मी मनाशी म्हटले, हे अमेरिकेत चालते, आपल्याकडे नाही.

त्यानंतर काही वर्षांनी तो फोन आला.

एका ज्येष्ठ अभिनेत्रीची नक्कल मी टीव्हीवर करत असे. त्यांचे नाव मी सांगणार नाही आणि कृपया अंदाजही बांधू नका. त्यांनी माझे स्किट पाहिले होते आणि मला घरी बोलावून घेतले होते. मी घाबरतच गेले. त्या म्हणाल्या, "आवाज बरोबर आहे गं. पण वाक्य संपल्यावर तू श्वास सोडतेस. मी सोडत नाही, धरून ठेवते. समोरच्याला वाटलं पाहिजे, बाई अजून काही बोलणार आहे." एवढे बोलून त्यांनी चहा मागवला. माझ्या नकलेबद्दल इतके नेमके मला कुठल्याही दिग्दर्शकाने सांगितलेले नाही.

त्या गेल्या तेव्हा त्यांच्या अखेरच्या चित्रपटाचे चित्रीकरण पूर्ण झाले होते, डबिंग राहिले होते. सेटवर सिंक साउंड, म्हणजे चित्रीकरणातच चित्रपटासाठी मुद्रित केलेला आवाज, नव्हता. होता तो फक्त पायलट ट्रॅक, म्हणजे डबिंगला आधार म्हणून घेतलेले कच्चे मुद्रण. त्यात जनरेटरची घरघर, दिग्दर्शकाच्या सूचना, कुठे कावळा, आणि या सगळ्याखाली त्यांचे बोलणे. ते चित्रपटात वापरता येण्यासारखे नव्हते. निर्मात्यांनी मला विचारले आणि मी लगेच होकार दिला. मला वाटले, आता गंभीर काम मिळाले.

स्टुडिओत हेडफोन चढवला आणि पहिला लूप, म्हणजे डबिंगसाठी पुन्हा पुन्हा लावतात तो प्रसंगाचा तुकडा, ऐकला, तेव्हा मला कळले की मला जो आवाज येतो तो हा नव्हेच. मी ज्यांची नक्कल करत होते त्या पन्नाशीतल्या, खणखणीत, शेवटच्या प्रेक्षकापर्यंत पोचणाऱ्या बाई होत्या. पायलट ट्रॅकवरच्या बाई आजारी होत्या. मोठे वाक्य आले की मध्ये त्यांचा दम तुटत होता, आणि वाक्याच्या शेवटी त्या श्वास सोडत होत्या. धरून ठेवण्याची ताकद उरलेली नव्हती. पडद्यावर ओठही तसेच हलत होते, सावकाश, शेवटचा शब्द अर्धवट मिटत. त्यांची भूमिका आजीची होती. एका प्रसंगात त्या नातवाला फक्त "जेवून जा, उशीर झालाय" एवढेच म्हणतात, आणि 'झालाय'वर त्यांचा श्वास असा सुटतो की तो नातू आता परत येणार नाही हे आजीला ठाऊक आहे, असे ऐकणाऱ्याला वाटते. तो आजार होता की अभिनय, मला माहीत नाही. मी ते वाक्य तसेच, श्वास सोडून म्हटले. रेकॉर्डिस्टने टेक बरोबर असल्याची खूण केली.

त्यांची मुलगी मागे सोफ्यावर बसली होती. तिने लूप थांबवायला सांगितला. आत येऊन ती मला म्हणाली, "ताई, आई शेवटी असंच बोलायची. म्हणूनच हे नको. लोकांना तिला असं थकलेलं ऐकवू नका." दिग्दर्शकांनाही ओळखीचा आवाज हवा होता, प्रेक्षक तो ऐकायला येतील असे त्यांचे म्हणणे होते. मी माझ्या परीने वाद घातला. मी म्हणाले की बाईंनी हा प्रसंग त्या सुटलेल्या श्वासावर केला आहे, मी त्यांचा जुना आवाज वर चढवला तर त्यांचा अभिनय पुसला जाईल. मुलगी रडत नव्हती, चिडलीही नव्हती. ती एवढेच म्हणाली, "तुम्ही तिला पडद्यावर बघताय. मी तिला दवाखान्यात ऐकलंय."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. मी सगळे संवाद खणखणीत आवाजात केले आणि वाक्याच्या शेवटी श्वास धरला, बाईंनी शिकवला होता तसा. ओठ हळू आणि आवाज तरतरीत, म्हणून सिंक जुळवायला फार त्रास झाला. अक्षरे ताणावी लागली, काही शब्द बदलावे लागले. 'जेवून जा'च्या प्रसंगाचे दोन्ही टेक मी मागे ठेवले होते. निवड मुलीने केली, आणि तिने जुना आवाज निवडला.

श्रेयनामावलीत माझे नाव येईल असे मला तोंडी सांगितले होते. प्रदर्शनाच्या आधी निर्मात्यांचा फोन आला की कुटुंबाची इच्छा नाही, आवाज दुसऱ्याचा आहे हे कळले की लोकांचे लक्ष तिथेच राहील. मी मान्य केले आणि कुठेही न बोलण्याचा शब्दही दिला. मग परीक्षणे आली. अखेरच्या भूमिकेतही बाईंचा आवाज तसाच खणखणीत राहिल्याचे त्यांत कौतुक होते. मी ते वाचले आणि मला आनंद झाला नाही. मला श्रेय मिळाले नाही हे दुःख त्यात होते, ते मी लपवत नाही. पण त्याहून मोठे दुःख हे, की त्या प्रसंगात बाईंनी जे केले होते ते कुणीच ऐकले नव्हते, आणि ते झाकणारा आवाज माझा होता.

त्याच सुमारास एका मुलाखतीत मला पुन्हा विचारले गेले, गंभीर भूमिका कधी?

१९८६ च्या डिसेंबरमध्ये स्मिता पाटील गेल्यावर त्यांच्या 'वारिस'ला रेखा यांनी आवाज दिला. संजीव कुमार गेल्यानंतर 'प्रोफेसर की पडोसन'मध्ये त्यांचे संवाद सुदेश भोसले यांनी म्हटले. ही कामे लोकांना माहीत आहेत आणि त्यांची नावे आदराने घेतली जातात. माझ्या आधीच्या मनाला हे पुरावे पुरले असते. तेव्हाची मी म्हणाली असती, बघा, नक्कल करणाऱ्यालाही मान मिळतो. आता मला त्यांना दुसरेच विचारावेसे वाटते: माइकसमोर उभे असताना तुम्ही कुणाचे ऐकलेत? गेलेल्या माणसाचे, मागे राहिलेल्यांचे, की पडद्यावरच्या ओठांचे?

आता हा प्रश्न माझ्यासारख्यांपुरता राहिलेला नाही. २०२४ मध्ये 'लाल सलाम' या तमिळ चित्रपटाच्या गाण्यासाठी ए. आर. रहमान यांनी दोन दिवंगत गायकांचे आवाज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने तयार करून घेतले आणि त्यासाठी कुटुंबांची परवानगी घेऊन मानधनही दिल्याचे जाहीर केले. त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंग यांच्या आवाजाला अशा वापरापासून संरक्षण दिले. परवानगी आणि मानधन या गोष्टी हव्यातच, त्यांबद्दल माझे दुमत नाही. पण माझ्या बाबतीत परवानगी होती, मानधनही वेळेवर मिळाले होते, आणि तरीही काहीतरी चुकीचे घडले असे मला वाटत राहते. यंत्राला दोन टेक मागे ठेवण्याची बुद्धी होणार नाही, असे मी एकदा एका तरुण ध्वनिमुद्रकाला म्हणाले. तो म्हणाला, "पण ताई, शेवटी निवडला तर एकच गेला ना?" त्याचे म्हणणे मला खोडता आले नाही.

त्या मुलीने या वर्षी स्वतःहून फोन केला. तिने तो चित्रपट पुन्हा पाहिला होता. 'जेवून जा'चा दुसरा टेक अजून कुठे आहे का, असे तिने विचारले. स्टुडिओने तो ठेवलेला नाही, माझ्याकडेही नाही. मी म्हणाले, मी तुला आत्ता म्हणून दाखवू शकते. ती थोडा वेळ बोलली नाही, मग नको म्हणाली. नावाशिवाय हे सगळे लिहायला तिची हरकत नाही, हेही तिनेच त्या फोनवर सांगितले.

तेव्हा विचारलेच आहे तर सांगते: माझी सर्वांत गंभीर भूमिका करून झालेली आहे आणि ती नक्कलच होती. ती नीट झाली की नाही याबद्दल मी आणि ती मुलगी अजून एकमताला आलेलो नाही. स्किट मी सोडणार नाही. पुढच्या आठवड्यापासून नव्या पर्वाच्या तालमी सुरू होत आहेत, आणि त्यात मी पहिल्यांदाच एका पुरुष नटाची नक्कल करणार आहे, सबंध दहा मिनिटे, मिशी न लावता. दुसऱ्याच्या आवाजाचे काम पुन्हा आले, तर श्रेयनामावलीतल्या नावाचे कलम आणि सगळे टेक जपून ठेवण्याचे कलम करारात लिहिलेले पाहिल्याशिवाय मी हेडफोन चढवणार नाही.