ताईले फोन दे

काल दुपारी मोठ्या आईचा फोन. मी हॅलो म्हटलं, तर पलीकडून, "कोण, आबा शे का? ताईले फोन दे ना भाऊ."

मीच बोलतेय म्हटलं. ती हसली, "माय वं, एवढ्या उन्हात सर्दी?" मी हो म्हणून मोकळी झाले. मग आखाजीला (अक्षय तृतीयेला) कधी येतेस, सांजोऱ्या कोण करणार, अमळनेरला पाणी किती दिवसांनी येतं, असलं सगळं बोलून झालं. फोन ठेवला, आणि तेव्हापासून ते "भाऊ" कानात अडकून बसलंय.

या थायरॉईडच्या आजारात केस गेले, ते सोसलं. वजनाचं तर काय बोलायचं. धुळ्यात मे महिन्यात माणसं कूलरसमोर जागेसाठी भांडतात आणि मी चादर घेऊन पलीकडच्या खोलीत जाते, त्यावर घरात रोज एक विनोद होतो. यांनी परवा जे म्हटलं ते तर… जाऊ दे. पण आवाज? आखाजीला झोक्यावर पहिलं गाणं मी उचलायचे. गल्लीच्या टोकाला ऐकू जायचं, लोक म्हणायचे आली पोरगी माहेरी. आणि आता मला वाढवणाऱ्या बाईला मी ओळखू येत नाही.

डॉक्टरांना सकाळी विचारलंच. थायरॉईड फार कमी पडलं की स्वरतंतूंनाही सूज येते, आवाज जाड होतो, घोगरा होतो. गोळीने बहुतेक उतरतं, पण हळूहळू. हळूहळू म्हणजे किती, तर त्यांनी खांदे उडवले. टीएसएच, म्हणजे थायरॉईड कमी पडलं की रक्तात वाढणारा आकडा, 38 वरून 6.1 वर आलाय, गोळी 50 मायक्रोग्रॅमची 75 केली. आता सहा-आठ आठवडे तपासायचं नाही, कारण डोस बदलल्यावर आकडा स्थिरावायला तेवढा वेळ लागतोच. अँटी-टीपीओ, म्हणजे ग्रंथीवर उलटलेल्या प्रतिपिंडांचा आकडा, मात्र अजून शेकड्यातच. तो कसा खाली आणायचा विचारलं, तर म्हणाले त्याच्यामागे लागू नका, त्याच्यावर गोळी नाही. ग्रंथी जे बनवेनाशी झाली ते गोळी भरून देते, एवढंच तिचं काम.

म्हणजे भांडण चालूच राहणार. तेही परक्याशी नाही. आपल्याच रक्तातल्या पेशी आपल्याच गळ्यातल्या ग्रंथीला वैरी समजतात आणि चुलतभावांसारखा दरवर्षी थोडा थोडा बांध कोरत सगळं शेत गिळतात. माझंच शरीर, आणि मलाच विचारलं नाही. दुपारभर रडले, खरं सांगायचं तर. सासूबाई पापडाची उडीद डाळ निवडत होत्या, त्यांनी बघितलं आणि काही बोलल्या नाहीत. त्यांच्या न बोलण्यावर कधीतरी वेगळं लिहीन.

या आजाराला हाशिमोटो म्हणतात. हाकारू हाशिमोटो नावाच्या जपानी शल्यचिकित्सकाने 1912 साली चार रुग्णांच्या ग्रंथींचं वर्णन छापलं. चौघीही बायका. गळे त्यांचे चिरले, नाव डॉक्टरांचं लागलं. हे वाचून मला एकटीलाच हसू आलं आणि ते हसूसुद्धा आबासारखंच आलं, खर्जातलं. त्यावर पुन्हा हसले.

मग जरा उठून कामाला लागले. गोळीची बाटली गॅसच्या वरच्या फळीवर होती, ती आतल्या खोलीच्या कपाटात हलवली. उष्णतेने औषध कमजोर होतं, आणि आपल्याकडे नुसती भिंतसुद्धा तापते. गुडघ्यांची कॅल्शियमची गोळी रात्रीच्या जेवणावर ढकलली, दोघींमध्ये चार तासांचं अंतर हवं. आखाजीला माहेरी पहाटे उठल्या उठल्या वहिनी चहाचा कप हातात देते. तिला आधीच सांगून ठेवायचं की गोळीनंतर निदान अर्धा तास मला चहा विचारू नको. शेजारच्या काकू म्हणतात आयोडीनचं मीठ जास्त खा. त्यांना कोण सांगणार, की आयोडीनच्या कमतरतेने होणारा गलगंड वेगळा आणि इथे जादा आयोडीनने उलट बिघडू शकतं. मी मान डोलावते. कोबी सोडायचा सल्लाही त्यांचाच. शिजवलेल्या कोबीने काही होत नाही, पण भाजी त्या देतात तेव्हा तेवढा वाद मी घालत नाही.

झोक्यावर यंदा दुसऱ्या कोणी गाणं उचलावं. मागून ओढायला मी आहे, खालची पट्टी आमच्यात कुणाला धरता येतच नव्हती कधी.

आईचं मात्र मनातून जात नाही. तिचा गळा पूर्वीपासून असा भरलेला, आम्ही म्हणायचो बाळसं आहे. दिवसभर पेंगते, पायांना कात टाकल्यासारखी कोरड. हे घराण्यात चालतं म्हणे, आणि बायकांत जास्त. तपासून घे म्हटलं की, "माले काय धाड भरनी?" उपाशीपोटी रक्त देणं तिला जमायचं नाही, चहाशिवाय ती उंबरा ओलांडत नाही. पण टीएसएचला उपाशी राहावं लागत नाही, हे मी आज विचारून घेतलंय. आखाजीच्या दुसऱ्या दिवशी चहा पाजूनच नेते तिला.