माशाखालचा लायटर

पावसाळ्यात आमच्या फोंड्याकडच्या घरात दोन गोष्टींना हमखास बुरशी यायची: चामड्याच्या चपला आणि व्हिडिओ कॅसेटी. चपला आई उन्हात टाकायची, ऊन पडलं तर. कॅसेटींना मात्र ऊन चालत नसे. पुढचं झाकण उचललं की फितीच्या गुंडाळीवर पिठीसाखर भुरभुरावी तशी पांढरी पूड दिसायची. तशीच व्हीसीआरमध्ये ढकलली तर हेड, म्हणजे फीत वाचणारा भाग, खराब. मग स्पिरिटची बाटली, जुन्या धोतराचा तुकडा आणि दादाच्या शिव्या.

१९९१ च्या ऑगस्टमध्ये अशाच एका पिठाळलेल्या कॅसेटवर मी 'ब्लड सिंपल' पाहिला. बाबांचे एक मित्र बोटीवर होते. सुट्टीवर येताना इंग्लंडच्या बंदरातून ते चार-पाच कॅसेटी आणायचे आणि पाहून झाल्या की आमच्याकडे टाकायचे. निवड कसली, तर कव्हरवर पिस्तूल असलं की झालं. ह्या कॅसेटचं कव्हर हरवलेलं. वर लेबल नाही, नटांची नावं नाहीत. कोणी 'बघच' म्हणून सांगितलेलं नाही. असा सिनेमा बघायला मिळणं हे किती मोठं भाग्य आहे, ते आता कळतं. आता सिनेमा सुरू व्हायच्या आधीच त्याला किती गुण मिळालेत हे कळतं आणि आपण परीक्षकासारखे बसतो.

गोष्ट चार माणसांची. टेक्ससमधला एक बारवाला, त्याची बायको, तिचा प्रियकर (तो ह्याच बारमध्ये नोकरीला) आणि फिकट रंगाचा सूट घालणारा, घामट, सदा हसणारा एक खाजगी डिटेक्टिव्ह. नवरा डिटेक्टिव्हला दोघांची सुपारी देतो. पुढचं सांगत नाही, म्हणजे सगळं सांगत नाही. थोडं सांगावंच लागेल, त्याशिवाय माझा मुद्दा पुढे सरकणार नाही.

तोवर माझी गुन्हेकथेची सगळी कमाई वाचनालयातली. काळा पहाड, झुंजार. आमच्या गावच्या वाचनालयात बाबूराव अर्नाळकरांची पुस्तकं इतकी फिरलेली होती की कित्येकांची शेवटची पानंच नव्हती. पण त्या नायकांना सगळं ठाऊक असायचं. बुटावरच्या चिखलावरून ते माणूस कुठून आला ते सांगायचे. इथे उलट. इथे कुणालाच काही ठाऊक नाही. प्रियकराला वाटतं खून तिने केला, तिला वाटतं त्याने केला. दोघं एकमेकांना जपताहेत आणि जपता जपता एकमेकांना घाबरताहेत. डिटेक्टिव्ह तर सगळ्यांत नीच, आणि त्याचाही अंदाज चुकलेला. सगळं फक्त प्रेक्षकाला माहीत. 'अरे, असं नाही रे ते!' असं ओरडावंसं वाटतं, आणि घरात पाहत असल्यामुळे मी ओरडलोही. आजी दचकून उठली.

त्या चुकलेल्या अंदाजाचं मूळ म्हणजे एक लायटर. बारवाला मासेमारीला जाऊन आलेला. दोरीत ओवलेले चांगले मोठे मासे त्याने ऑफिसच्या टेबलावर टाकले. डिटेक्टिव्हचा लायटर त्या माशांखाली गेला. तो विसरला आणि निघून गेला. कॅमेरा मात्र टेबलाच्या पातळीवर येऊन माशांखालची ती चकाकी आपल्याला दाखवतो आणि गप्प बसतो. वर छताचा पंखा गरगर फिरतोय. टेक्ससचा उन्हाळा. मासे तिथेच. रात्र जाते, दिवस जातो, मासे तिथेच.

नेमकी ह्याच वेळी आई चहा घेऊन आली. तिला इंग्रजी येत नाही. पडद्याकडे पाहून म्हणाली, "मासळी अशी टेबलावर कोण टाकून ठेवतं रे? कुसेल ना ती." आणि गेली. आमच्याकडे मासळीची पिशवी दारात आली की बाकी सगळी कामं थांबतात. आधी साफ करणं, मीठ लावणं, मग जग. खून वगैरे तिच्या दृष्टीने नंतर.

त्या कॅसेटवर मी खरोखर किती पाहिलं, हा प्रश्न आहे. फीत अर्ध्या इंचाची, चित्र मुळातच धूसर. त्यात सिनेमा आडवा रुंद, टीव्ही जवळजवळ चौकोनी, म्हणून दोन्ही कडा कापलेल्या. त्यावर आमची बुरशी: मधूनच पांढरा पट्टा खालून वर सरकत जायचा, नदीला भरती आल्यासारखा. आणि गती! सिनेमा सेकंदाला २४ चित्रांनी चालतो, आपल्याकडचा आणि इंग्लंडचा टीव्ही २५ ने. म्हणून त्या काळी कॅसेटवरचा प्रत्येक सिनेमा चार टक्के घाईत असायचा. दीड तासाचा सिनेमा साडेतीन मिनिटं आधीच संपायचा आणि माणसं किंचित बारीक आवाजात बोलायची.

रात्री शेतात माणूस पुरण्याचा तो लांबलचक प्रसंग तर माझ्यासाठी जवळजवळ नभोनाट्य होता. पडदा काळा. फावड्याचा आवाज, मातीचा आवाज, कुणाचा तरी श्वास. बाहेर कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, पाऊस. मी अंगावर चादर ओढली. बारच्या ऑफिसातल्या एका प्रसंगात तर कोपऱ्यात कुणीतरी उभं आहे, अशी माझी खात्री होती. त्या माणसाची मी शेवटपर्यंत वाट पाहिली. तो आला नाही. दिग्दर्शकाने मुद्दाम त्याला आणलं नाही, केवढं धाडस, असं मी कॉलेजात मित्रांना पटवून सांगितलं. दोघांना पटलंही.

दिग्दर्शकाचं नाव कळायला पुढे काही वर्षं गेली. जोएल आणि ईथन कोएन हे दोन भाऊ. १९८४ चा हा त्यांचा पहिलाच सिनेमा. खर्च सुमारे १५ लाख डॉलर, म्हणजे हॉलिवूडच्या हिशेबात चहापाण्याचा. तो त्यांनी कसा जमवला, हे वाचल्यावर मला त्यांच्याबद्दल घरगुती आपुलकी वाटायला लागली. सिनेमा बनवायच्या आधीच त्यांनी त्याची छोटीशी झलक चित्रित केली आणि प्रोजेक्टर घेऊन आपल्या मिनेसोटातल्या लोकांच्या दारी गेले. दिवाणखान्यात पडदा लावायचा, दोन मिनिटं दाखवायची, पैसे मागायचे. म्हणजे हा सिनेमा थिएटरात जाण्याआधी कुणाकुणाच्या घरात जाऊन आला होता.

हे आम्हाला नवीन नाही. आमच्याकडे जत्रेच्या मराठी नाटकाला असंच चालतं. पावतीपुस्तक घेऊन मंडळी घरोघर फिरतात, देणारा आधी चहा देतो, मग विचारतो, "आमच्या धाकट्याला एखादं काम आहे का हो? भालदाराचं चालेल." वर्गणी ठरते ती भालदाराला वाक्यं किती, ह्यावर. कोएन बंधूंना असे किती भालदार सांभाळावे लागले, देव जाणे.

आणि पैसे नसले की डोकं चालतं, हेही जत्रेतलंच. गडगडाटाला पत्रा हलवायचा, विजेला बटण खालीवर करायचं. सिनेमात एके ठिकाणी कॅमेरा हिरवळीवरून, जमिनीलगत, सुसाट धावत माणसांच्या अंगावर येतो. मला वाटायचं, काय यंत्र असेल! यंत्र कसलं, एक फळी. फळीच्या मधोमध कॅमेरा बांधलेला, दोन माणसांनी दोन टोकं धरली आणि धावत सुटली. ही युक्ती त्यांनी त्यांच्या मित्राच्या भुताच्या सिनेमातून उचलली. त्या सिनेमाच्या संकलनात जोएलने उमेदवारी केली होती. आणखी एके ठिकाणी कॅमेरा बारच्या काउंटरवरून सरकत जातो, वाटेत एक दारुडा डोकं टेकून झोपलेला. कॅमेरा त्याच्यावरून अलगद उडी मारतो आणि पुढे सरकायला लागतो. कथेशी काडीचा संबंध नाही. नुसती मस्ती. ही उडी मी त्या रात्री सात वेळा मागे घेऊन पाहिली. थिएटरात कोण घेऊन देतं मागे? सिनेमा म्हणजे कुणीतरी हाताने केलेली वस्तू आहे, हे मला त्या रिवाइंडच्या बटणाने शिकवलं. सातव्या वेळी दादाने रिमोट काढून घेतला. हेड झिजतं म्हणे.

दरवर्षी नोव्हेंबरात मी पणजीला इफ्फीला, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाला, जातो. २००४ पासून तो महोत्सव कायमचा गोव्यात आला, तेव्हापासून फारशी वर्षं चुकवली नाहीत. दिवसाला चार-चार सिनेमे, मोठा पडदा, कानठळ्या बसवणारा स्वच्छ आवाज. पण खरं सांगायचं तर तिसऱ्या दिवशी सगळे सिनेमे एकमेकांत मिसळतात. इराणी म्हातारा कोरियन मोटारीत बसतो. त्यातला एकही माझ्या अंगावर त्या फावड्याच्या आवाजासारखा बसलेला नाही.

मग डीव्हीडी आली. डीव्हीडीला जगाच्या विभागाप्रमाणे कुलूप: अमेरिकेतली विभाग एकची, आपला विभाग पाच. यंत्र ती बाहेर थुंकायचं. पणजीतल्या अठरा जून रस्त्यावरच्या एका दुकानदाराने रिमोटवर कसले कसले आकडे दाबले आणि कुलूप उघडलं. पैसे घेतले नाहीत, फक्त म्हणाला, "कोणाक सांगू नाका हां." सगळी पणजी त्याच्याकडेच येत होती.

ह्या डीव्हीडीवर सिनेमाबरोबर एका जाणकाराचं भाष्य होतं. केनेथ लोरिंग नावाचे गृहस्थ, आवाज अगदी प्राध्यापकी. म्हणाले, सुरुवातीचा गाडीतला प्रसंग उलटा चित्रित केलाय, नटांना डोकं खाली करून बसवलं होतं आणि केस जागेवर राहावेत म्हणून स्प्रे मारला होता. मी वहीत लिहून घेतलं. कुत्रा यांत्रिक आहे म्हणाले. तेही लिहिलं. पुढे माशी संगणकावर बनवलेली, असं आलं तेव्हा पेन थांबलं. असा कोणी केनेथ लोरिंग नव्हताच. दोघा भावांनी रचलेली थट्टा होती ती. चुकीच्या अंदाजांवर सिनेमा काढणाऱ्यांनी सोळा-सतरा वर्षांनी मलाच त्या टेबलापाशी बसवलं होतं. ती वही अजून आहे.

हल्लीच भाची अमेरिकेहून ब्लू-रे घेऊन आली, सोबत प्लेअरही, कारण तिथेही विभागांची भानगड आहेच. पडदा भिंतभर. शेत दिसलं! तेवीस वर्षांचा माझा काळा पडदा जाऊन तिथे नांगरलेली माती, मोटारीचे दिवे, घामेजलेला चेहरा, सगळं आलं. सुरेख. आणि थोडं वाईटही वाटलं. ऑफिसच्या कोपऱ्यात मी डोळे ताणून पाहिलं. तिथे कोणी नाही. कधीच नव्हतं. नुसता अंधार. ज्या सिनेमावर मी इतकी वर्षं प्रेम केलं, त्यातला एक चतुर्थांश माझ्या बुरशीने काढलेला होता तर.

पण एक गोष्ट ब्लू-रेने दिली. शेवटाकडे डिटेक्टिव्ह उजेडातल्या खोलीतून भिंतीत गोळ्या झाडतो आणि तो उजेड एकेका भोकातून कांबीसारखा पलीकडच्या अंधाऱ्या खोलीत शिरतो. कॅसेटवर त्या कांबी म्हणजे नुसता पांढरट फेस होता, इथे त्या मोजता आल्या. आमच्या जुन्या माजघरात कौल सरकलं की दुपारी उन्हाचा असाच सळसळीत दांडा जमिनीपर्यंत यायचा आणि त्यात धूळ नाचायची. खर्च शून्य. मिनेसोटाच्या दिवाणखान्यांत दाखवलेल्या त्या झलकेतही हा प्रसंग होता म्हणतात. मी बसलो असतो तर दिले असते पैसे.

ह्या वेळी आई शेजारी बसली होती. गुडघ्यांमुळे हल्ली ती फार उठत नाही, त्यामुळे पहिल्यांदाच तिने सिनेमा सबंध पाहिला. सोमवार होता, घरात डाळ-भात. मासे टेबलावर पडले तसं तिने माझ्याकडे पाहिलं, पण काही बोलली नाही. मध्ये एकदा म्हणाली, "तिला वाटतंय नवराच आलाय, नाही?" बरोबर होतं. एक शब्द न कळता तिला सगळं कळत होतं. शेवटी वॉशबेसिनखाली पाइपवर पाण्याचा थेंब जमला, पडू की नको करत लोंबकळला, आणि सिनेमा संपला. नावं वर सरकायला लागली.

"तो लायटर सापडला का रे कोणाला?"

"नाही आई. कोणालाच नाही."

ती थोडा वेळ नावांकडे पाहत राहिली.

"मग ते मासे टाकून दिले कोणी?"