रंग उडालेली गिटार

आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात राहायचं तर रोरीबद्दल काहीतरी मत असावंच लागतं. रोरी गॅलहर, ब्लूज-रॉक वाजवणारा आयरिश गिटारवादक आणि गायक. १४ जून १९९५ला, यकृताच्या प्रत्यारोपणानंतर संसर्ग होऊन, वयाच्या ४७व्या वर्षी तो लंडनमध्ये गेला. तीस वर्षं उलटली, तरी इथली माणसं त्याच्याबद्दल आपल्या आळीतला पोरगा असल्यासारखी बोलतात. प्रत्येकाची एक तरी मावशी त्याच्या शेजारी राहत होती. मावश्या मोजल्या तर तो शंभर घरांत राहिला असावा!

खरं तर तो जन्मला डोनेगॉलमधल्या बॅलीशॅननला, लहानपणी काही वर्षं डेरी शहरात होता, मग कॉर्कला आला. बॅलीशॅननमध्ये त्याचा पुतळा आहे, कॉर्कमध्ये त्याच्या नावाचा चौक आहे. बेलफास्टनेही जानेवारी २०२५मध्ये अल्स्टर हॉलबाहेर पुतळा उभारला. बेलफास्टचा हक्क मला सगळ्यात पटतो. उत्तर आयर्लंडमधल्या हिंसाचाराच्या, बॉम्बस्फोटांच्या काळात बाकीचे कलाकार तिकडे फिरकत नव्हते, तेव्हा हा जाऊन वाजवायचा.

पण मला वेड लागलंय ते त्याच्या गिटारचं. १९६१ची फेंडर स्ट्रॅटोकास्टर. पहिल्या मालकाने म्हणे लाल रंगाची मागवली होती आणि आली ही पिवळ्या-तपकिरी छटांची. १९६३मध्ये पंधरा वर्षांच्या रोरीने कॉर्कच्या क्रॉलीज दुकानातून ती शंभर पौंडांना हप्त्यांवर घेतली. पुढे डब्लिनमध्ये ती चोरीला गेली आणि काही दिवसांनी पावसात भिजलेली सापडली. उरलेला रंग त्याच्या घामाने खाल्ला, असं चाहते सांगतात. रंग उडाला तरी त्याने तीच वाजवली. आता फेंडर कंपनी तिची हुबेहूब प्रतिकृती विकते, म्हणजे कोरी गिटार कारखान्यातच रंग खरवडून! टीव्हीच्या रिमोटचं प्लॅस्टिक वर्षानुवर्षं न काढणाऱ्या घरात मी वाढले. नव्या वस्तूला मुद्दाम जुनं करून वर जास्त पैसे मोजायचे, हे माझ्या आईला मी अजून सांगितलेलं नाही.

खरी गिटार भाऊ डोनल याने ऑक्टोबर २०२४मध्ये लंडनला लिलावात काढली, तेव्हा इथे नुसता कल्लोळ. सरकारने विकत घ्यावी, देशाबाहेर जाऊ देऊ नये, अशी मागणी झाली. शेवटी कार्यक्रम भरवणाऱ्या एका कंपनीने ८,८९,४०० पौंड मोजून ती घेतली आणि आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाला द्यायचं जाहीर केलं. मला मनापासून कौतुक वाटलं. लगेच रागही आला. मुंबईत रंगभवनात एकेकाळी रॉकच्या मैफिली गाजायच्या. शांतता क्षेत्राच्या नियमाने त्या बंद पडल्या आणि आपण चार दिवस हळहळलो, बस्स.

रोरीची कबर आहे त्या, कॉर्कजवळच्या बॅलिनकॉलिगच्या दफनभूमीतही जाऊन आले. कबरीवरचा दगड त्याला १९७२मध्ये मिळालेल्या पुरस्काराच्या आकाराचा आहे. त्याच्या पायथ्याशी गिटारच्या तारा छेडायचे छोटे ‘पिक’, फुलं, कुठल्या कुठल्या भाषांतल्या चिठ्ठ्या. एक जर्मन काका तर गाडी चालवत आले होते, बोटीने समुद्र ओलांडून.

ऑफिसात हे सांगत होते तर एक सहकारी म्हणाला, ‘तुमच्याकडे असं नसेल ना?’ मला झोंबलंच. म्हटलं, अरे, पुण्यात भीमसेन जोशींनी आपल्या गुरूंच्या आठवणीत १९५३मध्ये महोत्सव सुरू केला, तो अजून चालू आहे. हजारो माणसं भर डिसेंबरात मंडपात बसतात, आणि तुमचे चाहते पबमध्ये त्याचीच गाणी वाजवतात, आमच्याकडे दरवर्षी नवे गायक येतात. त्याने शांतपणे विचारलं, ‘मग गुरूंचा तानपुरा कुठल्या संग्रहालयात आहे?’

मी म्हटलं, संग्रहालयात कशाला? असेल कुणा शिष्याच्या घरी, वाजत असेल. आमच्याकडे वाद्य काचेत ठेवत नाहीत.

हे मी इतक्या ठसक्यात सांगितलं, की त्याने लगेच मान डोलावली. तानपुऱ्याचं खरंच कुणाला ठाऊक असेल तर मला कळवा, त्याने पुन्हा विचारायच्या आत.