शून्याकडे उसने मागायचे कसे?

तिसरी म्हणजे पाढे, कविता आणि परिसर अभ्यास, असे वरवर दिसते. गोव्याचे तालुके पाठ होतात, मांडवी-जुवारी नकाशावर निळ्या खडूने रंगवून होतात, 19 डिसेंबर 1961 ही गोवा मुक्तीची तारीखही बसते. तिसरीचा खरा घाट मात्र वजाबाकीत आहे, आणि तोही मधे शून्य आले की.

503 वजा 167. हे गणित फळ्यावर मांडले की वर्गात तीन तऱ्हेची उत्तरे येतात. एक 464. तीनातून सात जात नाहीत ना, मग सातातून तीन घालवले! लहान आकडा मोठ्यातून वजा करायचा हे पहिलीत ऐकलेले वाक्य मूल इमानाने पाळते. दुसरे 346. हे चुकलेले मूल खरे तर हुशार. त्याने शतकाकडून उसने घेतले, शून्याचे दहा केले, तिनाचे तेराही केले. पण त्या दहातला एक दशक एककाला दिला, तर दशकाच्या घरात नऊच उरले, हे तेवढे निसटले. तिसरे उत्तर बरोबर, 336, आणि ते बहुधा शेजारच्या वहीतले असते.

अशा वेळी फळा सोडावा आणि माडाखाली जावे. दोन-तीन चुडतांचे, म्हणजे झावळ्यांचे, हीर (पात्यांच्या मधल्या काड्या) काढून वीतभर लांबीचे तुकडे करावेत. शेंड्याकडचे बारीक हीर घेऊ नयेत, मोडतात आणि मोजणी चुकते. दहा-दहांच्या जुड्या रबराने बांधाव्यात, अशा दहा जुड्यांची मोठी जुडी सुतळीने. काजूच्या बियाही चालतात म्हणा, पण बिया बांधता येत नाहीत, आणि इथे सगळी गोम बांधण्या-सोडण्यातच आहे.

आता बाकावर पाच मोठ्या जुड्या आणि तीन सुटे हीर. सात द्यायचे आहेत. छोटी जुडी एकही नाही, म्हणून मोठी सोडावी लागते. सुतळी सुटली की दहा छोट्या जुड्या समोर पडतात; त्यातल्या एकीचे रबर काढले की नऊ उरतात. ते नऊ मुलाला डोळ्यांनी दिसतात. वहीत शून्य खोडून त्यावर नऊ का लिहायचे, हे त्यानंतर सांगावे लागत नाही.

भाषाही अधूनमधून पाय अडकवते. एकोणसाठ म्हटले की ‘साठ’ कानात राहतो आणि वहीत 69 उमटतात. पंचवीसमध्ये पाच आधी ऐकू येतात, म्हणून 52. त्यात घरी कोकणीत ‘म्हाका जाय’ आणि वर्गात ‘मला पाहिजे’. मग कुणीतरी ‘बाई, मला पाणी जाय’ म्हणतो आणि पाणी मिळतेही. आकड्यांना एवढी सवलत नसते.

हीर लगेच गोळा करू नयेत, पडताळा बाकी असतो. 336 आणि 167 पुन्हा एकत्र ठेवायचे. सहा आणि सात तेरा, दहांना रबर लावले, तीन सुटे. आता छोट्या जुड्या मोजायच्या: तीन, सहा आणि ही नवी एक. दहा झाल्या. त्यांना सुतळी बांधली की दशकाची जागा रिकामी, आणि शून्य परत आपल्या जागी.